नवख्याचे आयर्लंड: आधी काउंटी, मग रस्ता, मग माणसे

नोकरी, शिक्षण किंवा रुग्णालयातील सेवेसाठी डब्लिनला आलेल्या मराठी माणसाचे पहिले काही महिने घर शोधण्यात आणि कागदपत्रांत जातात. त्यानंतर एखाद्या रविवारी तो पर्यटक बसने पश्चिम किनाऱ्यावरील मोहेरचे सागरी कडे पाहून येतो आणि आयर्लंड पाहून झाले असे समजतो. देश लहान असल्यामुळे हा गैरसमज सहज होतो. आयरिश प्रजासत्ताकाचे क्षेत्रफळ सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहूनही थोडे कमी आहे. तरीही हा देश घाईने पाहणाऱ्याच्या हाती फारसा लागत नाही. जवळचे आधी, लांबचे नंतर, आणि प्रत्येक ठिकाणी जाण्यापूर्वी त्या ठिकाणाचे नाव समजून घेणे, हा क्रम पाळला तर वर्षभरात देश बऱ्यापैकी ओळखीचा होतो. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

पहिली पायरी: नकाशा आणि काउंटी

भिंतीवर टांगता येईल असा संपूर्ण बेटाचा एक कागदी नकाशा विकत घ्यावा. मोबाइलवरील नकाशा रस्ता दाखवतो, पण देशाचा आकार मनात ठसवत नाही. या नकाशावर पहिली गोष्ट लक्षात येईल ती ही की, बेट एखाद्या खोलगट ताटलीसारखे आहे. मधोमध चुनखडीचे सखल मैदान, त्यात दलदली, तळी आणि कुरणे, तर डोंगर बहुतेक सगळे कडेला, समुद्राजवळ. केरी काउंटीतील कॅरनटूहिल हे सर्वोच्च शिखर १,०३८ मीटर उंच आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा सहाशे मीटरने ठेंगणे. मात्र ते जवळजवळ समुद्रसपाटीपासूनच चढायचे असते आणि तेथील हवा तासाभरात बदलते, त्यामुळे सह्याद्रीत चढण्याची सवय असणाऱ्यांनीही त्याला कमी लेखू नये. मधल्या मैदानातून सुमारे ३६० किलोमीटर वाहणारी शॅनन ही बेटावरील सर्वांत लांब नदी. ती ओलांडली की आपण 'पश्चिमेत' आलो, असे लोक मानतात, आणि भूप्रदेश व बोली या दोहोंत तो फरक जाणवतोही.

दुसरी गोष्ट राजकीय. बेटावर एकूण ३२ काउंट्या आहेत. त्यांपैकी २६ प्रजासत्ताकात आणि सहा उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये. या ३२ काउंट्या लेन्स्टर, मन्स्टर, कॉनॉट आणि अल्स्टर या चार जुन्या प्रांतांत विभागलेल्या आहेत. प्रांतांना आज प्रशासकीय महत्त्व नाही; ते खेळांत आणि बोलण्यात जिवंत आहेत. दिल्लीच्या कनॉट प्लेसला ज्या ब्रिटिश राजपुत्राच्या पदवीवरून नाव मिळाले, ती पदवी यांतील कॉनॉट प्रांताची होती. अल्स्टरमध्ये नऊ काउंट्या असून त्यांपैकी डॉनिगॉल, कॅव्हन आणि मोनाहन या तीन प्रजासत्ताकात आहेत. त्यामुळे 'अल्स्टर' आणि 'उत्तर आयर्लंड' हे शब्द एकाच अर्थाने वापरणे चूक ठरते. गंमत अशी की, बेटाचे सर्वांत उत्तरेचे टोक मॅलिन हेड हे 'दक्षिणेत', म्हणजे प्रजासत्ताकातील डॉनिगॉलमध्ये आहे.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा असे ढोबळमानाने म्हणता येईल, पण जिल्ह्याविषयी आपल्याला जेवढी ओढ असते त्यापेक्षा काउंटीची ओढ कितीतरी अधिक असते. नव्या सहकाऱ्याशी ओळख होताना तो कोणत्या काउंटीचा, हा प्रश्न विचारावाच. संभाषण पुढे आपोआप चालते. काउंट्या पाठ करण्याचा सोपा उपाय रस्त्यावरच आहे. आपण एमएच १२ पाहून पुण्याची गाडी ओळखतो, तशीच येथील गाड्यांच्या क्रमांकपट्टीवर आधी नोंदणीचे वर्ष, मग काउंटीचे अक्षर आणि शेवटी अनुक्रमांक असतो. डब्लिनला डी, कॉर्कला सी, गॉलवेला जी, केरीला केवाय, मेयोला एमओ. २०१३ पासून वर्षाच्या आकड्यापुढे एक किंवा दोन हा अंक असतो. तो गाडी वर्षाच्या पहिल्या सहामाहीत नोंदली की दुसऱ्या, हे सांगतो. बसथांब्यावर उभे असताना पंधरा दिवस हा खेळ खेळला तरी बहुतेक काउंट्या डोक्यात बसतात.

दुसरी पायरी: गावांची नावे वाचायला शिकणे

माझ्या मते संपूर्ण लेखात सर्वाधिक वेळ द्यावा अशी पायरी हीच आहे, आणि बहुतेक नवखे लोक नेमकी हीच गाळतात. आज नकाशावर दिसणारी बहुसंख्य नावे आयरिश भाषेतील असून इंग्रजी लिपीत ती कशीबशी उतरवलेली आहेत. १८२४ साली ब्रिटिश सरकारने संपूर्ण बेटाची सविस्तर मोजणी सुरू केली, तेव्हा प्रत्येक खेड्याच्या आणि शिवाराच्या नावाला इंग्रजी रूप ठरवून दिले गेले. या मोजणीचा प्रमुख टॉमस कोल्बी याने आधाररेषा मोजण्यासाठी धातूच्या खास पट्ट्या तयार करवल्या. तशाच पट्ट्या पुढे जॉर्ज एव्हरेस्टने भारताच्या महासर्वेक्षणासाठी आणल्या. तेव्हा हा इतिहास आपल्याला अगदीच परका नाही.

या नावांतील दहा-बारा घटक शिकले की नकाशा बोलू लागतो. 'बॅली' म्हणजे गाव किंवा वस्ती, आपल्या 'वाडी'सारखे. 'किल' म्हणजे बहुधा चर्च, क्वचित रान. 'डन' म्हणजे गढी, 'नॉक' म्हणजे टेकडी, 'स्लीव्ह' म्हणजे डोंगर, 'ग्लेन' म्हणजे दरी, 'लॉख' म्हणजे तळे किंवा खाडी, 'इनिश' म्हणजे बेट, 'कॅरिक' म्हणजे खडक, 'ड्रम' म्हणजे कणा किंवा धार, 'डेरी' म्हणजे ओक वृक्षांची राई. शेवटी 'मोर' असेल तर मोठे आणि 'बेग' असेल तर धाकटे, म्हणजे चक्क आपले बुद्रुक आणि खुर्द. आता ग्लेनडालॉख हे नाव पाहा: दोन तळ्यांची दरी. तेथे गेल्यावर खरोखरच दोन तळी दिसतात. किलकेनी म्हणजे संत कॅनिसचे चर्च. डॉनिगॉल म्हणजे परक्यांची गढी. याउलट वेक्सफर्ड आणि वॉटरफर्ड ही नावे आयरिश नसून किनाऱ्यावर वसाहती करणाऱ्या व्हायकिंगांची आहेत. डब्लिन हे नाव 'काळा डोह' या अर्थाच्या आयरिश शब्दांवरून आले, पण शहराचे आजचे आयरिश नाव 'बल्या आहा क्लिया' असे असून त्याचा अर्थ काठ्यांच्या तट्ट्यांनी बांधलेल्या, नदी पायी ओलांडण्याच्या उताराचे गाव असा आहे.

उच्चाराचा प्रश्न वेगळा. अक्षरे पाहून 'डन लाओघायरे' वाचाल ते ठिकाण 'डन लीरी' आहे. 'टल्लाघ्ट' हे 'टॅला' आहे. कॉर्कमधील 'यौघल' हे 'यॉल' आहे. माणसांच्या नावांतही असेच: 'निआम्ह' म्हणजे नीव, 'सिओभान' म्हणजे शिव्हॉन. 'बी' किंवा 'एम' या अक्षरांपुढे 'एच' आले की बहुधा 'व' असा उच्चार होतो, एवढा एक नियम लक्षात ठेवला तरी निम्मे काम होते. उरलेल्यासाठी नम्रपणे विचारावे. पंतप्रधानाला 'टीशक' आणि उपपंतप्रधानाला 'टॉनिश्ता' म्हणतात, संसदेच्या कनिष्ठ सभागृहाला 'डॉल', पोलिसांना 'गार्डा'. बातम्या समजण्यासाठी हे शब्द लागतातच. टीशकपदावर दोनदा राहिलेले लिओ वराडकर यांचे मूळ घराणे मालवण तालुक्यातील वराड गावचे, त्यामुळे हा एक शब्द कोकणातही बऱ्याच जणांना ठाऊक झाला आहे.

आयरिश ही राज्यघटनेनुसार पहिली अधिकृत भाषा आहे, इंग्रजी दुसरी. रस्त्यांच्या पाट्यांवर आयरिश नाव तिरप्या अक्षरांत वर आणि इंग्रजी नाव मोठ्या अक्षरांत खाली असते. परंतु गेलटॉख्त म्हणवल्या जाणाऱ्या आयरिशभाषक पट्ट्यांत पाट्या केवळ आयरिश असतात, त्यामुळे पश्चिमेकडे जाताना दोन्ही नावे असलेला नकाशा जवळ हवा. शहरातही दोन ठिकाणी भाषा आडवी येते. बसच्या कपाळावर 'अन लार' लिहिले असेल तर ती बस शहराच्या मध्यभागी जाते. त्या नावाचे गाव शोधत बसू नये. आणि स्वच्छतागृहाच्या दारावर 'फिर' म्हणजे पुरुष व 'म्ना' म्हणजे स्त्रिया. आद्याक्षरे इंग्रजीच्या नेमकी उलट सुचवतात, आणि या घोटाळ्यातून फारच थोडे नवखे सुटतात.

तिसरी पायरी: कागदपत्रे आणि न दिसणारी सीमा

आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेन क्षेत्रात नाही. त्यामुळे आयर्लंडच्या व्हिसावर पॅरिसला जाता येत नाही आणि शेंगेन व्हिसावर डब्लिनला येता येत नाही. भारतीय नागरिकांना आयर्लंडचा स्वतंत्र व्हिसा लागतो. नव्वद दिवसांपेक्षा अधिक राहणाऱ्यांनी आल्यापासून नव्वद दिवसांच्या आत इमिग्रेशन नोंदणी करून निवासपत्र घ्यायचे असते, आणि त्याचे शुल्क ३०० युरो आहे. ही भेटीची वेळ लवकर मिळेलच असे नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात मागणी नोंदवावी. नोकरी, कर आणि सरकारी सेवांसाठी पीपीएस क्रमांक लागतो. तोही घराचा पत्ता ठरताच मागावा.

सर्वांत महत्त्वाची सूचना उत्तरेच्या सीमेविषयी आहे. डब्लिनहून बेलफास्टला जाणारी रेल्वे किंवा मोटाररस्ता सीमा ओलांडतो, तेव्हा नाके नाहीत, फाटक नाही; पाट्यांवरील वेग किलोमीटरऐवजी मैलांत लिहिलेला दिसू लागतो, एवढीच खूण. नाके नाहीत म्हणून परवानगी लागत नाही, असे मात्र नाही. आयरिश निवासपत्र असलेल्या भारतीय नागरिकाला उत्तर आयर्लंडमध्ये जाण्यासाठी ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो, आणि बसमध्ये किंवा रेल्वेत अधूनमधून तपासणी होते. मित्रांसोबत सहज दिवसभर जाऊन येऊ, या मोहाने पुढील व्हिसा धोक्यात घालू नये. अल्पकालीन भेटीवर येणाऱ्या भारतीयांसाठी मात्र दोन्ही देशांची संयुक्त योजना आहे: व्हिसावर 'बीआयव्हीएस' अशी नोंद असेल तर एकाच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येते, मात्र ज्या देशाने व्हिसा दिला तेथे आधी उतरावे लागते. आई-वडिलांना बोलावताना ही नोंद आहे की नाही, हे अवश्य पाहावे.

चौथी पायरी: रोजचा प्रवास

पहिल्या दिवशी लीप कार्ड घ्यावे. डब्लिन शहरात या कार्डावर प्रौढांसाठी ९० मिनिटांचे भाडे २ युरो असून तेवढ्या वेळात बस, लुअस ही ट्राम आणि डार्ट ही किनाऱ्यालगतची लोकल यांत बदल करत जाता येते. लुअस आणि डार्टमध्ये चढताना व उतरल्यावर दोन्ही वेळा कार्ड टेकवायचे असते. बसमध्ये फक्त चढताना. रोख पैसे देणार असाल तर नेमकी नाणी लागतात, कारण चालक नोटा घेत नाही आणि सुटेही देत नाही. थांब्यावर नुसते उभे राहिले तर बस निघून जाण्याची शक्यता असते, त्यामुळे बस दिसताच हात बाहेर काढावा. उतरताना चालकाचे आभार मानण्याची पद्धत आहे. शाळकरी मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे ती पाळतात.

लिफी नदी शहराचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग करते. जुन्या टपाल विभागांत विषम आकडे उत्तरेचे व सम आकडे दक्षिणेचे असतात. अपवाद आठव्या विभागाचा, ज्यात नदीच्या उत्तरेचे फीनिक्स पार्क आणि त्यातील राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान येते. २०१५ पासून प्रत्येक घराला सात अक्षरअंकांचा स्वतःचा एअरकोड आहे. खेड्यांत घरांना क्रमांक नसतात आणि एकाच शिवारातील अनेक घरांचा पत्ता हुबेहूब एकच असतो, त्यामुळे कोणी घरी बोलावले तर पत्ता न विचारता एअरकोड विचारावा.

रेल्वेचे जाळे डब्लिनकेंद्री आहे. कॉर्क, लिमरिक, गॉलवे व केरीच्या गाड्या ह्यूस्टन स्थानकातून, तर बेलफास्ट, स्लायगो आणि वेक्सफर्डकडील गाड्या कॉनली स्थानकातून सुटतात. दोन्ही स्थानके एकमेकांपासून लुअसच्या लाल मार्गाने जोडलेली आहेत. या स्थानकांची नावे ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या ईस्टर उठावानंतर मृत्युदंड दिलेल्या नेत्यांची असून ती १९६६ साली, उठावाच्या पन्नासाव्या वर्षी देण्यात आली. तिकीट आधी ऑनलाइन काढले तर बरेच स्वस्त पडते. डॉनिगॉलमध्ये रेल्वे मुळीच नाही आणि डब्लिन विमानतळालाही नाही. दोन्हीकडे बसच घ्यावी लागते.

गाडी चालवायची असल्यास दिलासा एवढाच की, वाहतूक आपल्यासारखी डावीकडून आहे. भारतीय परवाना येथे बदलून मिळत नाही. तात्पुरत्या भेटीवर आलेल्याला तो बारा महिन्यांपर्यंत चालतो, पण स्थायिक होणाऱ्याला लेखी परीक्षा, शिकाऊ परवाना, प्रशिक्षकाकडील धडे आणि प्रत्यक्ष चाचणी असा सगळा प्रवास करावा लागतो. रस्त्यांचे एम, एन, आर आणि एल असे चार वर्ग आहेत. मोटारमार्गावर वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर असते. ग्रामीण स्थानिक रस्त्यांची सर्वसाधारण मर्यादा फेब्रुवारी २०२५ मध्ये ८० वरून ६० वर आणली गेली. एल वर्गाच्या रस्त्यावर मधोमध गवत उगवलेले असते, दोन्ही बाजूंना दगडी गडगे असतात आणि समोरून ट्रॅक्टर येतो. तेव्हा साठची मर्यादाही जास्त वाटते. समोरच्याने बाजू दिली तर सुकाणूवरून एक बोट उचलून अभिवादन करतात. डब्लिनभोवतीच्या एम ५० वर पथकरनाका दिसत नाही, परंतु कॅमेरा नोंद घेतो आणि पैसे दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत भरावे लागतात. भाड्याची गाडी घेताना याची चौकशी करावी.

पाचवी पायरी: हवा

पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला साधारण १,००० ते १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो, डब्लिनकडे त्याहून बराच कमी. मुंबईकराला हे आकडे हास्यास्पद वाटतील. फरक असा की, आपला पाऊस चार महिन्यांत येऊन जातो आणि येथला बारा महिने थोडाथोडा येत राहतो, तोही आडवा. छत्री वाऱ्यात टिकत नाही. डोक्यावर टोपी असलेला चांगला पावसाळी कोट हीच खरी खरेदी. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे हिवाळा फार कडक नसतो, पण दिवस लहान असतात: डिसेंबरमध्ये डब्लिनला सूर्य पावणेनऊच्या आसपास उगवतो आणि सव्वाचारच्या आत मावळतो. जूनमध्ये रात्री दहाला संधिप्रकाश असतो. म्हणून लांबच्या सहली मे ते सप्टेंबर आणि संग्रहालये नोव्हेंबर ते फेब्रुवारी, अशी वर्षाची वाटणी करावी. मेट एरन ही हवामान संस्था पिवळे, नारिंगी आणि लाल असे इशारे देते. लाल इशारा असताना घराबाहेर पडायचे नसते.

सहावी पायरी: सहलींचा क्रम

पहिला महिना डब्लिनचा आणि पायी फिरण्याचा. राष्ट्रीय संग्रहालय, राष्ट्रीय कलादालन आणि डब्लिन कॅसलच्या आवारातील चेस्टर बीटी संग्रह येथे प्रवेश विनामूल्य आहे. चेस्टर बीटीमध्ये मुघल लघुचित्रांचा उत्तम संग्रह असून तो पाहिल्याशिवाय कोणत्याही भारतीयाने डब्लिन सोडू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. रविवारी डार्टने हौथला जाऊन कड्यावरील पायवाटेने चालावे.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिवसभराच्या दोन सहली. विक्लोमधील ग्लेनडालॉख येथे संत केव्हिन यांनी सहाव्या शतकात स्थापलेला मठ, सुमारे तीस मीटर उंचीचा गोल मनोरा आणि ती दोन तळी आहेत. मीथमधील न्यूग्रेंज हे सुमारे इसवी सनपूर्व ३२०० चे, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहूनही जुने थडगे. डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवसांत सूर्योदयाची तिरीप दारावरील झरोक्यातून शिरून लांबलचक बोळातून आतल्या खोलीपर्यंत पोहोचते. त्या पहाटे आत जाणाऱ्यांची निवड सोडतीने होते. एरवी अभ्यागत केंद्रातून बसनेच नेतात आणि आरक्षण आधी करावे लागते.

त्यानंतर पश्चिम, आणि येथे किमान दोन रात्री हव्यात. डब्लिनहून एका दिवसात मोहेरचे कडे करून येणाऱ्याचा बहुतेक दिवस बसमध्ये जातो आणि कड्यांवर नेमके धुके असते. त्याऐवजी रेल्वेने गॉलवेला जावे, तेथे मुक्काम करावा आणि एक दिवस बरनसाठी ठेवावा. क्लेअर काउंटीतील हा चुनखडीचा उघडा पठारी प्रदेश दुरून उजाड दिसतो, पण खडकांच्या भेगांत आर्क्टिक प्रदेशातील आणि भूमध्यसागरी वनस्पती शेजारी शेजारी फुलतात. मे महिन्यात निळी जेन्शियन पाहणाऱ्याला आपल्या कास पठाराची आठवण होणे साहजिक आहे. मोहेरचे कडे २१४ मीटरपर्यंत उंच आहेत आणि येथूनच पाहावेत. दुसरा दिवस अॅरन बेटांसाठी: इनिश मोरवर सायकल भाड्याने घेऊन डून एंगस या कड्याच्या धारेवरील दगडी गढीपर्यंत जावे. तेथे कठडा नाही. धारेपासून लांब राहावे आणि छायाचित्रासाठी मागे मागे सरकू नये.

केरी आणि डॉनिगॉल शेवटी, गाडीची सोय झाल्यावर. केरीतील १७९ किलोमीटरच्या वर्तुळमार्गावर पर्यटक बस घड्याळाच्या उलट दिशेने जातात, त्यामुळे सकाळी लवकर निघावे. स्केलिग मायकल या खडकाळ बेटावरील मठासाठीच्या नौका फक्त उन्हाळ्यात आणि समुद्र शांत असेल तरच जातात. आरक्षण असूनही परत फिरावे लागते, म्हणून हाताशी एक दिवस जास्तीचा ठेवावा. डॉनिगॉलमध्ये स्लीव्ह लीग हे सुमारे ६०० मीटरचे सागरी कडे मोहेरच्या जवळजवळ तिप्पट उंचीचे असूनही तेथे गर्दी कमी असते. किन्सेलपासून उत्तरेकडे जाणारा सुमारे २,५०० किलोमीटरचा अटलांटिक किनारामार्ग एका दमात पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये. एका वेळी एक काउंटी पुरे.

डोंगरात किंवा शेतातून चालण्याविषयी एक नियम: येथे कोणाच्याही जमिनीतून हिंडण्याचा सर्वसाधारण हक्क नाही. खुणा केलेल्या वाटांवरूनच चालावे, फाटक जसे असेल तसेच ठेवावे आणि मेंढ्यांच्या रानात कुत्रा नेऊ नये. संकटात ११२ किंवा ९९९ हा क्रमांक.

सातवी पायरी: माणसे आणि बोलणे

आयरिश भाषेत 'हो' आणि 'नाही' यांसाठी स्वतंत्र शब्द नाहीत. प्रश्नातील क्रियापदच उत्तरात येते. 'येणार का?' याला 'येणार' असे उत्तर देणाऱ्या मराठी माणसाला हे लगेच समजते. इंग्रजी बोलतानाही लोकांची तीच सवय दिसते. 'आय अॅम आफ्टर ईटिंग' म्हणजे आत्ताच जेवलो. 'गिव्हिंग आउट' म्हणजे रागावणे, 'प्रेस' म्हणजे कपाट, 'ग्रँड' म्हणजे ठीक आहे, 'क्रॅक' म्हणजे गप्पागोष्टींतली मजा. 'आय विल, येह' हे लांबट सुरात म्हटले तर त्याचा अर्थ मुळीच नाही, असा होतो. वरिष्ठांना, प्राध्यापकांना, अगदी वृद्ध शेजाऱ्यांनाही पहिल्या नावाने हाक मारतात. 'सर' म्हटल्यास समोरचा माणूस अवघडतो.

चहा विचारला की पहिल्यांदा नको म्हणायचे आणि यजमानाने पुन्हा आग्रह करायचा, ही रीत आपल्याकडून तेथे गेली की काय असे वाटावे इतकी ओळखीची आहे. पबमध्ये मित्रमंडळी पाळीपाळीने सर्वांसाठी पेये आणतात. दारू न पिणाऱ्याला कोणी आग्रह करत नाही, मात्र कोणी तुमच्यासाठी शीतपेय आणले असेल तर आपली पाळी चुकवू नये. पारंपरिक संगीताची बैठक चालू असेल तर वादकांच्या खुर्च्यांवर बसू नये आणि कोणी एकटे गाऊ लागले की बोलणे थांबवावे. शाकाहाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, न्याहारीतील 'ब्लॅक पुडिंग' रक्तापासून बनते आणि भाज्यांच्या सूपमध्येही मांसाचे पाणी असू शकते. विचारण्यात कोणी गैर मानत नाही.

सहकाऱ्याच्या घरी मृत्यू झाला तर अंत्यविधीला जावे. पार्थिवाचे दर्शन आणि विधी सहसा दोन-तीन दिवसांत होतात, आणि मृत व्यक्तीला कधीही न पाहिलेले लोकही रांगेत उभे राहून कुटुंबीयांचा हात हाती घेऊन 'सॉरी फॉर युअर लॉस' एवढेच म्हणतात. अनेक नवखे संकोचाने जात नाहीत. जाणाऱ्याची आठवण मात्र वर्षानुवर्षे ठेवली जाते.

काउंटीची ओढ पाहायची असेल तर जीएएचा, म्हणजे गेलिक अॅथलेटिक असोसिएशनचा, सामना पाहावा. १८८४ मध्ये थर्ल्स येथे स्थापन झालेली ही संस्था हर्लिंग हा काठी-चेंडूचा खेळ आणि गेलिक फुटबॉल चालवते. ८२,००० हून अधिक प्रेक्षक मावणाऱ्या क्रोक पार्कमध्ये अंतिम सामने खेळणाऱ्या खेळाडूंना मानधन मिळत नाही. सोमवारी ते शिक्षक, शेतकरी किंवा गार्डा म्हणून कामावर जातात. तुम्ही जेथे राहता ती काउंटी आपली मानावी. केरीत राहून डब्लिनचा निळा सदरा घालणे धाडसाचे ठरेल.

इतिहासाविषयी जपून बोलावे. आयर्लंडला ब्रिटनचा भाग म्हणणे ही सर्वांत मोठी चूक. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळपास तेवढीच देशोधडीला लागली. १८४१ साली बेटाची लोकसंख्या ८० लाखांहून अधिक होती. आज ती सुमारे ७० लाख आहे, म्हणजे ती खोट अजून भरून निघालेली नाही. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी बेळगावला स्थापन केलेल्या लीगचे 'होमरूल' हे नाव आयरिश चळवळीतूनच आले होते, हे येथील ज्येष्ठांना सांगितले तर गप्पा लांबतात.

आठवी पायरी: वर्षाचे कॅलेंडर

आयरिश परंपरेत वसंत १ फेब्रुवारीला, संत ब्रिजिडच्या दिवशी सुरू होतो, आणि २०२३ पासून त्या निमित्ताने सार्वजनिक सुट्टी मिळते. १७ मार्चला संत पॅट्रिकचा दिवस. डब्लिनच्या मिरवणुकीपेक्षा लहान गावातील ट्रॅक्टर आणि शाळेची मुले यांची मिरवणूक अधिक पाहण्याजोगी असते. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो भाविक मेयोतील क्रोख पॅट्रिक हा ७६४ मीटरचा डोंगर चढतात, काही जण अनवाणी. वारी पाहिलेल्या माणसाने हा दिवस चुकवू नये. ऑक्टोबरअखेरचा हॅलोवीन हा मूळचा येथलाच साउन सण आहे. २५ डिसेंबरला बस, रेल्वे, लुअस सर्व पूर्ण बंद असतात आणि दुकानेही, त्यामुळे किराणा आधी भरावा आणि त्या दिवशीचे विमान असेल तर टॅक्सी आधीच ठरवावी.

शेवटची पायरी: उत्तरेकडे

ब्रिटनचा व्हिसा हाती आल्यावर बेलफास्ट, डेरी आणि अँट्रिमचा किनारा पाहावा. डेरी शहराला एक समाज डेरी आणि दुसरा लंडनडेरी म्हणतो; समोरचा जे नाव वापरेल ते आपण वापरावे. १९९८ च्या शांतता करारापूर्वीची हिंसाचाराची तीन दशके लोकांच्या आठवणीत ताजी आहेत, त्यामुळे भिंतींवरील चित्रे स्थानिक मार्गदर्शकासोबत पाहावीत आणि कोणाची बाजू बरोबर, हा प्रश्न विचारू नये. चलन येथे पाउंड आहे. किनाऱ्यावरील जायंट्स कॉजवे येथे बेसॉल्टचे सुमारे ४०,००० खांब समुद्रात उतरत गेले आहेत, बहुतेक षट्कोनी. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होऊन आकसताना तडकला आणि हे खांब बनले. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी दख्खनच्या त्याहून थोड्या जुन्या लाव्हातून याच पद्धतीने घडली. भरतीचे वेळापत्रक पाहून जावे, खोलगट ठशांचे बूट घालावेत आणि पाण्यालगतच्या ओल्या काळ्या खांबांवर पाय ठेवू नये.